वंगणाची वही

दिवाळीच्या आधी कराडच्या घराचा माळा आवरायला काढला होता. एका कोपऱ्यात पत्र्याची ट्रंक होती. "हे तुझ्या अण्णांचं आहे, कोणी हात लावायचा नाही" असं म्हणत आईने ती वर्षानुवर्षं जपली. आई गेल्यावरही ती उघडायचं कोणाच्या मनात आलं नाही. या वेळी उघडली. आत चार-पाच पाने (नट आवळायचे, पुस्तकाचे नव्हेत), एक ग्रीस गन, तेलकट कागदात गुंडाळलेलं एक बेअरिंग आणि लाल कापडी बांधणीच्या तीन वह्या निघाल्या.

मला वाटलं, जमाखर्च असेल. तर त्या वह्या ट्रकच्या होत्या.

घरातल्या नव्या पिढीसाठी थोडी पूर्वपीठिका सांगतो. १९७४ साली अण्णा आणि काका यांनी भागीत एक जुना ट्रक घेतला. १९६८ सालचा, टाटा-मर्सिडीज. टेल्को ही कंपनी १९४५ साली जमशेदपूरला रेल्वेची इंजिनं बनवण्यासाठी सुरू झाली. १९५४ साली तिने जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी करार केला आणि ट्रक बनवायला घेतले. पंधरा वर्षांनी, १९६९ साली, तो करार संपला आणि तोंडावरचा तीन टोकांचा तारा जाऊन टाटांचं स्वतःचं चिन्ह आलं. आमचा ट्रक ताऱ्याच्या शेवटच्या दिवसांतला. त्यामुळे कॉलेजात मी "आमच्याकडे मर्सिडीज आहे" असं बिनदिक्कत सांगत असे. ती कराडच्या बाजारातून गुळाच्या ढेपा भरून पुण्याला जाते, हे मात्र सांगत नसे!

तर या वह्यांत १९७४ ते १९९१ अशी सतरा वर्षं आहेत. प्रत्येक ओळीला तारीख, किलोमीटरचा आकडा आणि काय केलं ते. "पुढची दोन्ही चाकं उतरवली, ग्रीस नवं." "डिफ्रन्स ऑइल बदली. चुरा नाही." "मागचं उजवं ऑइल सील गेलं, लायनर धुतलं." हे "डिफ्रन्स" म्हणजे डिफरन्शियल. आमच्याकडे तो शब्द पूर्ण कोणीच म्हणत नसे. इंजिनाबद्दल वहीत फार थोडं आहे. बहुतेक ओळी ॲक्सल, डिफ्रन्स आणि चाकांच्या बेअरिंगच्या. वाचताना आधी गंमत वाटली, मग कंटाळा आला, आणि मग १९८३ सालच्या एका पानावर मी थांबलो. त्या पानाकडे येतो. पण त्याआधी ज्या गोष्टींना अण्णा एवढं जपत होते त्या गोष्टींचा थोडा इतिहास सांगावासा वाटतो. तो कळल्याशिवाय ते पान कळणार नाही.

सुरुवात शब्दापासून करू. बैलगाडीच्या दोन चाकांमधल्या दांड्याला आपल्याकडे आख म्हणतात, कुठे आस म्हणतात. संस्कृतातला हा अक्ष. लॅटिनमधला ॲक्सिस आणि इंग्रजीतला ॲक्सल हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे आमचे उस्ताद "ॲक्सल" म्हणायचे आणि शेजारचा गाडीवान "आख" म्हणायचा, तेव्हा दोघंही काही हजार वर्षांमागचा एकच शब्द उच्चारत होते.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं १६४ वं सूक्त कोड्यांचं आहे. त्यात पाच आऱ्यांच्या एका चाकाचं वर्णन येतं. सगळी भुवनं त्या चाकावर उभी आहेत आणि एवढा भार असूनही त्याचा अक्ष तापत नाही, असं तिथे म्हटलं आहे. मला हे फार वर्षांनी वाचायला मिळालं आणि मी एकटाच हसलो. कारण "तापत नाही" याचं नवल कोणाला वाटेल? ज्याने भरलेल्या गाडीचा तापलेला आख हाताने चाचपला आहे, त्यालाच. काळाचं चाक वर्णन करतानाही त्या कवीला गाडीवानाची काळजी सुटली नव्हती.

चाक याहून जुनं आहे. २००२ साली स्लोव्हेनियात ल्युब्लियाना शहराजवळच्या दलदलीत एक लाकडी चाक सापडलं. सुमारे ५,१५० वर्षांपूर्वीचं. ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाचं चाक आणि ओकचा आख. त्या चाकाचं भोक चौकोनी आहे. म्हणजे आख चाकात घट्ट बसत होता आणि चाकाबरोबर तोही फिरत होता. अशी गाडी सरळ छान जाते, वळताना मात्र अडते. का, ते पुढे येईलच. आपल्या बैलगाडीत आख स्थिर असतो आणि चाकं त्याच्यावर आपापली मोकळी फिरतात. वळण आलं की बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. कोणाचं कोणाशी भांडण नाही. प्रश्न उरतो तो फक्त घासण्याचा. त्यासाठी गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असे, त्यात एरंडेल आणि चिंधी. आजोबांच्या गाडीखालचं नळकांडं मला अंधुक आठवतं. त्याला हात लावला की आजी अंगणातच हात धुवायला लावायची.

घासण्यावरचा दुसरा उपाय म्हणजे घसरण्याऐवजी गडगडणं. जड पेटी ओढण्यापेक्षा खाली गोल लाकडं टाकून सरकवणं सोपं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण ते चाकाच्या आत बसवायचं कसं? १७९४ साली वेल्समधल्या कार्मार्थनच्या फिलिप वॉन नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने गाडीच्या आखात गोळ्या बसवण्याचं पेटंट घेतलं. कल्पना अगदी बरोबर होती, पण एकसारख्या गोळ्या करायच्या कशा, हेच कोणाला येत नव्हतं. एक गोळी केसभर मोठी असली की सगळा भार तिच्यावर. ते कोडं १८८३ साली जर्मनीत श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशरने सोडवलं. पोलादी गोळ्या एकसारख्या घासून गोल करणारं यंत्र त्याने बनवलं. तोवर बेअरिंगला गिऱ्हाईकही मिळालं होतं, ते म्हणजे सायकल.

पण सायकल हलकी. भरलेल्या गाडीच्या चाकाला दोन भार सोसायचे असतात. एक वरून खाली येणारा, मालाचा. दुसरा आडवा, वळणावर चाकाला बाहेर ढकलणारा. अमेरिकेत सेंट लुइस शहरात हेन्री टिमकन नावाचा जर्मनीहून आलेला घोडागाड्या बनवणारा माणूस होता. त्याने आणि त्याच्या भाच्याने मिळून १८९८ साली टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट घेतलं. यात गोळ्यांच्या जागी शंकूसारखे, एका टोकाला किंचित निमुळते रोलर असतात. ते तिरके बसतात, त्यामुळे दोन्ही भार पेलतात. अशी दोन बेअरिंगं एकमेकांकडे पाठ करून हबमध्ये बसवली की चाक ना आत सरकतं ना बाहेर. सव्वाशे वर्षं झाली, ट्रकच्या चाकात अजून मूळ कल्पना तीच आहे.

यातली खुबी अशी की हे बेअरिंग जुळवता येतं. रोलर थोडे झिजले, चाक हलायला लागलं, तर बाहेरचा नट थोडा आवळायचा की खेळ निघून जातो. पण जे जुळवता येतं ते चुकवताही येतं. हे वाक्य लक्षात ठेवा.

आणखी एक माणूस मला विशेष आवडतो, तो म्हणजे स्वीडनचा स्वेन विंगक्विस्ट. हा गॉथेनबर्गच्या एका कापड गिरणीत देखभालीचा इंजिनियर. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती हळूहळू सरकायची, त्यामुळे लांबलचक शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंगं फुटायची. आज हे, उद्या ते. शेवटी वैतागून त्याने शाफ्ट थोडा वाकडा झाला तरी स्वतःच जुळवून घेणारं बेअरिंग काढलं. १९०७ साली एसकेएफ कंपनी सुरू झाली ती त्याच्यावर. याच कंपनीचा कारखाना १९६० च्या दशकात आपल्या चिंचवडला आला आणि आपल्या नात्यातल्याही दोन-तीन घरांची चूल त्यावर पेटली. हे सगळं झालं एका मेन्टेनन्सवाल्याच्या वैतागातून!

आता डिफ्रन्सकडे. बैलगाडीत चाकं मोकळी असतात, कारण ओढणारे बैल पुढे असतात. ट्रकमध्ये ओढणारं इंजिन चाकांनाच जोडायचं असतं. दोन्ही मागची चाकं एकाच सरळ दांड्याने जोडली तर झालं, आपण पुन्हा त्या दलदलीतल्या गाडीवर आलो. हिशेब करून बघा. दोन चाकांत पावणेदोन मीटर अंतर धरलं तर घाटातल्या एका पूर्ण उलट्या वळणात बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जवळजवळ साडेपाच मीटर जास्त चालतं. वळण मोठं असो की लहान, फरक तेवढाच. (वहीवर काढून बघा, आधी विश्वास बसणार नाही.) हे साडेपाच मीटर एकाच दांड्यावर भरून काढायचे तर टायर घासणार, नाहीतर दांडा पिळून तुटणार.

याचं उत्तर फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्यूर याने आपल्या वाफेच्या गाडीसाठी दिलं आणि १८२८ साली पेटंट घेतलं. पेट्रोलची मोटार यायला तेव्हा अर्धशतकाहून जास्त अवकाश होता. इंजिनाची ताकद एका मोठ्या दातेरी चक्राला, म्हणजे क्राउनला, मिळते. क्राउनच्या पोटात छोटे गियर असतात, आमचे उस्ताद त्यांना "स्टार" म्हणत. सरळ रस्त्यावर हे स्टार स्वतःभोवती फिरतच नाहीत, नुसते क्राउनबरोबर गरगरतात. वळण आलं की तेवढ्यापुरते फिरतात आणि आतल्या चाकाचे फेरे कमी करून बाहेरच्याला देतात. एकाचं कमी झालं तेवढंच दुसऱ्याचं वाढतं. दोन भावांच्या भागीदारीत असावा तसा व्यवहार.

पण या न्यायी यंत्राला एक खोड आहे. एक चाक चिखलात रुतून मोकळं फिरायला लागलं की सगळे फेरे त्यालाच जातात, दुपटीने, आणि कोरड्यावरचं चाक ढिम्म उभं राहतं. अशा वेळी नवशिका ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो. आत बिचारे स्टार, जे एरवी वळणापुरते फिरायचे, ते भन्नाट फिरतात आणि जळतात. पावसाळ्यात गाडी शेताच्या कडेला रुतली की अण्णा आधी इंजिन बंद करायचे, मग खाली उतरून चाकाखाली दगड आणि पाचट भरायचे. कितीही घाई असो. वहीत १९७६ च्या जुलैत एक ओळ आहे : "गाडी रुतली. स्टार जपले."

डिफ्रन्स उघडायचं काम उस्तादांचं. ते मिरजेकडचे, साठीचे, डोळ्याला जाड चष्मा. क्राउन आणि पिनियनचे दात एकमेकांत नीट बसतात की नाही हे बघायला ते तेलात शेंदूर कालवायचे आणि दातांना बोटाने लावायचे. हो, मारुतीला लावतात तोच शेंदूर. मग चक्र हाताने फिरवायचं आणि दातांवर कुठे पुसलं गेलं ते बघायचं. ठसा दाताच्या मधोमध आला पाहिजे. टोकाला आला तर दात तुटणार, मुळाशी आला तर गाडी रडणार. पातळ पत्र्याच्या चकत्या कमी-जास्त करत ते अख्खी दुपार घालवायचे. वर्कशॉपची पुस्तकंही हेच सांगतात, फक्त त्यात शेंदराच्या जागी निळा रंग असतो. शेवटी पिनियन हातात धरून क्राउन किंचित हलवायचे, डोळे मिटायचे आणि दातांमधला खेळ कानाने ऐकायचे. आम्ही पोरं तोवर श्वास रोखून उभी. "बोलली," म्हणाले की चहा सांगायचा.

मागच्या ॲक्सलची आणखी एक युक्ती मला तेव्हा फार आवडायची. ट्रकचा भार बाहेरच्या नळीवर, हौसिंगवर असतो. आतला दांडा फक्त चाक फिरवतो, भार उचलत नाही. त्यामुळे बाहेरच्या फ्लॅन्जचे नट काढले की जॅक न लावता, भरल्या गाडीचा ॲक्सल तलवारीसारखा उपसून काढता येतो. दांडा रस्त्यात तुटला तरी चाक जागच्या जागी. ज्याने हे रचलं त्याला ठाऊक असणार की हा ट्रक कधीतरी गावाबाहेर, अंधारात, एकट्या ड्रायव्हरच्या हातात मोडणार आहे.

आता रोजची कामं. ती सोपी दिसतात. डिफ्रन्सच्या ऑइलची पातळी बाजूच्या बुचाशी बोट घालून बघायची. ऑइल काढलं की खालच्या बुचाला चिकटलेला चुरा दोन बोटांत चोळायचा. पीठ असेल तर ठीक, कण लागले तर डिफ्रन्स खोलायचा. हौसिंगवर श्वास घ्यायची एक छोटी नळी असते, ती चिखलाने बुजली की आतली गरम हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते आणि ऑइल सरळ ब्रेकच्या लायनरवर. म्हणजे बुजली नळी आणि गेला ब्रेक! हे पुस्तकात मी नंतर वाचलं. अण्णा दर आठवड्याला त्या नळीभोवतीचा चिखल काडीने काढायचे, तो मला त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचा.

ग्रीसचंही तसंच. जुनं चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं ग्रीस पाण्याला दाद देत नसे, पण गरम झालं की पातळ व्हायचं. सोडियमचं ग्रीस उष्णता सोसायचं, पण पाण्यात विरघळायचं. दोन्ही सोसणारं लिथियमचं ग्रीस १९४० च्या दशकात आलं. घाटात ब्रेकने तापणारा आणि लगेच ओढ्यातून जाणारा हब ज्याने वापरलाय त्यालाच याचं मोल कळेल. अण्णा दोन जातींची ग्रीसं कधी एकत्र करू देत नसत. नवं भरायचं तर जुनं सगळं डिझेलने धुऊन काढायचं.

आणि सगळ्यात सोपं काम म्हणजे हात लावणं. गाडी कुठेही थांबली, चहाला, नाक्याला, लघवीला, की अण्णा गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायचे आणि प्रत्येक हबला हाताची मागची बाजू लावायचे. कोमट असेल तर पुढे चालायचे. काका म्हणायचे, "देवळात एवढ्या फेऱ्या मारल्या असत्या तर पुण्य लागलं असतं."

आता ते पान. १९८३ सालचा डिसेंबर. मी अठराचा, मेकॅनिकलच्या डिप्लोमाला दुसऱ्या वर्षाला. टेपर रोलर बेअरिंगचं छेदचित्र मी न बघता काढू शकत होतो. त्या रविवारी पुढच्या चाकांना ग्रीस भरायचं होतं. अण्णा बाजारात गेले होते. मी आणि आमचा क्लीनर, दोघांनी काम काढलं. क्लीनर माझ्याच वयाचा, शिकायचं राहून गेलेला पोरगा. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याला न विचारता लिहिणं बरं नाही, आणि विचारायला तो कुठे आहे हे मला माहीत नाही.

त्याला काम माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन, तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन, बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं. रोलरच्या मधून पलीकडून ग्रीसच्या अळ्या बाहेर येईपर्यंत. हे त्यानेच मला शिकवलं. मग हब चढवला आणि बाहेरचा नट लावायची वेळ आली. तेवढ्यात स्प्लिट पिना संपल्या म्हणून तो दुकानात गेला.

नट लावायची रीत ठरलेली आहे. चाक हाताने फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग नट थोडा, एका फेऱ्याच्या सहाव्या-चौथ्या भागाएवढा, मागे घ्यायचा. बेअरिंगला श्वास घ्यायला जागा लागते. गरम झालं की लोखंड फुगतं, ती जागा तेव्हा कामाला येते. नटाच्या कंगोऱ्यातली फट आणि दांड्यातलं भोक एका रेषेत आणायचं आणि पिन घालायची. तो पिना घेऊन आला तेव्हा डाव्या चाकाची फट भोकाशी जुळत नव्हती. थोडी अलीकडे राहिली होती. त्याने पुढे केलेला हात मी बाजूला सारला. आपण शिकलेले! पाना घेतला आणि नट पुढे आवळला. फट जुळली, पिन बसली. चाक फिरवून बघितलं तर किंचित जड वाटलं. "नवं ग्रीस आहे," मी म्हणालो. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गूळ भरून निघालो. कॉलेजला सुट्टी म्हणून मीही बरोबर होतो. उशीर झाला होता, म्हणून अण्णा साताऱ्याला थांबले नाहीत. एरवी थांबायचेच. कराड सोडून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर सुरूरला चहाला थांबलो. पुढे खंबाटकीचा घाट. तेव्हा बोगदा नव्हता, चढणाऱ्या-उतरणाऱ्या सगळ्या गाड्यांना तोच एक रस्ता. अण्णांनी नेहमीची फेरी सुरू केली आणि डाव्या पुढच्या हबला हात लावताच झटकन मागे घेतला. ग्रीसच्या टोपीखालून पातळ झालेलं ग्रीस ओघळून चाकावर पसरलं होतं. ते क्लीनरला म्हणाले, "पाणी मारू नगंस. गार होऊ दे आपोआप."

तासाभराने चाक उतरवलं. बाहेरच्या बेअरिंगचे रोलर निळे पडले होते. पोलाद तापून रंग बदलतं ना, तसा मोरपिशी निळा. जाळीला तडा गेला होता. घाट चढून आम्ही पलीकडे उताराला लागलो असतो, मागे भरलेला गूळ, आणि ते बेअरिंग तिथे अडकलं असतं तर... असो. त्या "तर"वर मी आयुष्यात बराच विचार केला आहे.

पेटीत कप-कोनची एक जोडी तेलकट कागदात होती. जुना कप ठोकून काढून ती बसवायला तीन तास गेले. अण्णांनी नट आवळला, मागे घेतला, फट जुळेना तेव्हा आणखी थोडा मागे घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भोक जुळत नसंल तर नट मागं घ्यायचा. पुढं न्हाई." क्लीनर शेजारी पाना धरून उभा होता. मी काही बोललो नाही.

परत आल्यावर काकांनी विचारलं, नट कोणी आवळला? काकांचा राग खरा होता. दोन घरं त्या गाडीवर चालत होती. मी गप्प. क्लीनर माझ्याकडे बघून म्हणाला, "माझ्याच हातनं आवळला गेला आसंल." महिनाअखेर काकांनी त्याला काढला. अण्णा तेव्हाही काही बोलले नाहीत. मी स्वतःला समजावलं की अण्णांना माहीतच नसणार.

वहीतली त्या दिवशीची ओळ अशी आहे : "सुरूर. पुढचं डावं, बाहेरचं बेअरिंग जळालं. नट घट्ट. पोराचा हात." आणि चार आठवड्यांनंतरची ओळ : "क्लीनरला ३ महिन्यांचा पगार दिला. उस्तादांकडे चिठ्ठी दिली. भावाला सांगितलं नाही."

ट्रंकेतलं बेअरिंग सुरूरचंच होतं. कागद सोडला, रोलर अजून निळे आहेत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अण्णांनी गप्प राहून मला सांभाळलं, की मी स्वतः बोलेन याची वाट बघत ते गप्प राहिले? सतरा वर्षं प्रत्येक हबवर हात ठेवून फिरणारा माणूस, त्याला घरातली उष्णता कळली नसेल असं मी कसं धरून चाललो? उस्तादांच्या गॅरेजात तो पोरगा नंतर दोन वर्षं होता, एवढं मला माहीत आहे. मी तिथे दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा तो गाडीखाली होता आणि मी हाक मारली नाही.

वॉन, पेक्यूर, फिशर, टिमकन, विंगक्विस्ट... शोध लावणाऱ्यांची नावं मी वर भराभर लिहिली. ती पुस्तकांत आहेत. त्यांच्या शोधांना रस्त्यावर चालतं ठेवणाऱ्या हातांची नोंद कुठे असेल तर अशा तेलकट वह्यांत, आणि तिथेही नाव नसतंच. "क्लीनर" एवढंच लिहिलेलं असतं. आज नव्या ट्रकना कारखान्यातूनच जुळवून, सील करून आलेली बेअरिंगं येतात. नट मागे घ्यायचा प्रश्नच येत नाही. चांगलंच आहे. पण ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, त्यांनी फट जुळली नाही तर काय करायचं ते वर लिहिलं आहे. ते अण्णांचं आहे, बिनधास्त वापरा.

आता काकांसाठी. काकांना हल्ली वाचवत नाही, चष्म्यानेही नाही. पुण्यातला नातू त्यांना माझं लिखाण वाचून दाखवतो. बाळा, एवढा परिच्छेद जरा मोठ्याने आणि सावकाश वाच.

काका, १९८३ साली सुरूरला बेअरिंग जळालं, तो नट मी आवळला होता. त्या पोराने हात पुढे केला होता, तो मी बाजूला सारला. तुम्ही त्याला काढलंत ते माझ्या गप्प बसण्यामुळे. अण्णांना माहीत होतं, त्यांनी वहीत लिहून ठेवलंय, वही मी पुढच्या आठवड्यात घेऊन येतो. तुम्हाला त्याचं गाव आठवत असेल तर सांगा. उस्तादांच्या घरीही विचारायला जाणार आहे.